डब्याची सुट्टी पुन्हा सुरू करा

निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, 'आता आराम करा' असं सगळे बजावतात. पुढच्या सोमवारी दुपारी दीड वाजता मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. समोर ताट असतं, भाकरी गरम असते, घरची माणसंही असतात. नसते ती शेजारच्याच्या डब्यातली भाजी. तीस-पस्तीस वर्षं शाळेच्या स्टाफरूममध्ये, पंचायत समितीच्या मागच्या खोलीत, एसटीच्या डेपोत नाहीतर दवाखान्यातल्या ड्युटीच्या खोलीत पाच-सहा डबे एकदम उघडत होते. एकात उडदाची डाळ, एकात शेवभाजी, एकात नुसता ठेचा आणि भाकरी. त्या अर्ध्या तासात बदल्यांच्या अफवा, मुलांची लग्नं, साहेबांचा राग, सगळं बोलून व्हायचं. पगाराच्या जागी पेन्शन येते. डब्याच्या सुट्टीच्या जागी काहीच येत नाही. ती आपली आपणच सुरू करावी लागते.

राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी घरी बसतात. त्यानंतर हातापायांनी धड असलेली पंधरा-वीस वर्षं सहज उरतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९३८मध्ये ७२४ तरुण आणि किशोरवयीन मुलांवर एक अभ्यास सुरू केला आणि पुढे अनेक दशकं त्यांची आयुष्यं तपासली. म्हातारपणी निरोगी कोण राहिलं, हे पाहताना संशोधकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांची माणसांशी जवळीक टिकली, त्यांची तब्येतही जास्त टिकली. आपल्याकडे पारावर बसणाऱ्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. आपण नोकरीच्या गावाहून उठून सोयीच्या गावी घर बांधतो आणि पार मागे राहतो.

नंदुरबार जिल्ह्यात ही अडचण जरा जास्तच आहे. उमेदीची वर्षं धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडे गेलेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका निवृत्तीनंतर नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला स्थिरावतात. कुणी नवापूरला, कुणी पार नाशिकला मुलाकडे. फोनवर 'काय भो, जेवण व्हयनं का?' असं विचारणं होतं, पण ते जेवण एकत्र होत नाही. ते कसं घडवून आणावं आणि मुख्य म्हणजे कसं टिकवावं, यासाठी हा लेख.

सुरुवात पाच जणांनी करा

पहिली चूक ही की आपण थेट 'स्नेहमेळावा' ठरवतो. बॅनर, हार, प्रमुख पाहुणे, ऐंशी माणसांचं जेवण. तो मेळावा होतो, छान होतो आणि पुन्हा कधी होत नाही, कारण ज्या दोघांनी राबून तो केला ते थकलेले असतात.

मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत हास्य क्लब सुरू केला, तेव्हा जमले होते पाच जण. पुढे ती चळवळ जगभर गेली. तुम्हाला जगभर जायचं नाही; म्हणून पाच जण तर फारच पुरेसे. पाच ते दहा माणसं एका सतरंजीवर बसतात, एकच गप्पा सगळ्यांना ऐकू येतात. बारा झाली की दोन कोंडाळी होतात. वाढत गेलात तर दुसरा गट करा, पंगत लांबवू नका.

माणसं निवडताना फक्त आपल्या खात्यातली घेऊ नका. सगळेच गुरुजी असले की जेवण संपेपर्यंत केंद्रप्रमुखांच्याच गोष्टी चालतात. एक एसटीचा वाहक, एक बँकेतला रोखपाल, एक शेतकरी, एक परिचारिका असली तर बोलण्याला चव येते. निवृत्त बायकांना आवर्जून बोलवा. त्या नोकरीतून निवृत्त होतात, चुलीपासून होत नाहीत. महिन्यातून एक दुपार दुसऱ्याच्या हातचं खाण्याचा हक्क त्यांचा सर्वात आधी.

वार ठरवा, मग तो हलवू नका

'सगळ्यांना जमेल तेव्हा भेटू' म्हणजे कधीच न भेटणं. एकाच गावात राहत असाल तर दर पंधरा दिवसांनी, तालुके वेगळे असतील तर महिन्यातून एकदा. महिन्याचा पहिला आठवडा सोडा, तेव्हा पेन्शन जमा होते आणि सगळ्यांची पावलं बँकेकडे असतात. सोमवारी कुणाचा उपास, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. गावाचा आठवडे बाजार असेल तो दिवसही नको. या सगळ्यातून बहुधा 'दुसरा बुधवार' असं काहीतरी हाती लागतं. त्यात चतुर्थी-एकादशी आली तर येऊ द्या; उपासवाल्याने भगर आणावी, पण यावं.

खान्देशाची म्हणून काही पथ्यंही आहेत. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं. त्या आठवड्यात बैठक ठेवू नका. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या दिवसांतही घरोघरी भाऊबंदकी जमलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. भर दुपारी सत्तरीच्या माणसाला बसस्टँडवर उभं करणं म्हणजे मैत्री नव्हे. या दोन महिन्यांत दुपारचं जेवण सकाळी साडेआठच्या न्याहारीवर आणा आणि दहाच्या आत सगळ्यांना घरी पोचवा.

पावसाळ्यात धडगावकडच्या मित्राला आग्रह करू नका. चांदसैली घाटात दरड कोसळली की रस्ता बंद होतो, आणि आपला माणूस अडकून पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याला जेवणाच्या वेळी फोन लावा आणि फोन पंगतीत फिरवा.

जागा अशी की कुणाच्या घरावर भार पडणार नाही

आळीपाळीने एकेकाच्या घरी जेवण, ही कल्पना ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात दहा माणसांच्या भाकऱ्या मित्राची बायको नाहीतर सून थापते. चौथ्या महिन्यात तिच्या चेहऱ्यावर ते दिसू लागतं आणि पाचव्या महिन्यात मित्र म्हणतो, 'या वेळी जरा अडचण आहे.' गट मोडतो तो असा, भांडणाशिवाय.

त्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, वाचनालयाचा ओटा, मंदिराचं सभागृह, कुणाच्या मळ्यातली झाडाखालची जागा पाहा. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ आहे. तुमच्या गावात संघ असेल तर नवी संस्था काढण्याच्या भानगडीत पडू नका, त्यांच्याकडे एका दुपारसाठी जागा मागा.

नंदुरबार, शहादा आणि तळोदा अशा तिन्हीकडची माणसं असतील तर प्रकाशा बरं पडतं. तिन्ही रस्ते तिथे भेटतात, तापीचा घाट आहे, केदारेश्वराचं मंदिर आहे. मात्र घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा हट्ट गुडघ्यांना विचारून करा.

जागा पाहताना तीन गोष्टी तपासा: खुर्च्या आहेत का, स्वच्छतागृह जवळ आहे का, पायऱ्या किती आहेत. खाली बसणाऱ्यांनी बसावं, पण खुर्ची मागायला कुणाला लाज वाटू नये, म्हणून त्या आधीच मांडून ठेवा. दम्याचा मित्र असेल तर आणखी एक. नंदुरबारच्या भोवती हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पडतात, लांबवर लाल गालिचे दिसतात. डोळ्यांना सुंदर, पण वारा फिरला की ठसका लागतो. हिवाळ्यात त्या बाजूची जागा टाळा.

येण्या-जाण्याचा खर्च एसटीने बराच हलका केला आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३पासून सर्व वयाच्या महिलांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा खिशात ठेवा. आपल्याकडे एक गोष्ट विसरली जाते: ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत पुढचं पूर्ण तिकीट काढावं लागतं. नवापूरच्या मित्राला रेल्वे सोयीची असेल, पण तिथली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये थांबवली गेली, हे हिशेबात धरा.

ताट साधं, पण एक

जेवणाचे तीन प्रकार जमतात. खानावळीत बसणं सोपं, पण महाग आणि तेलकट. आचारी लावला तर उरलेल्या अन्नाचा आणि पैशांचा घोळ. सर्वात टिकाऊ म्हणजे आपला जुना डबा. प्रत्येकाने स्वतःपुरत्या भाकरी-पोळ्या आणि चार जणांना पुरेल इतकी एकच भाजी आणायची. आठ माणसांत आठ भाज्या होतात आणि कुणाच्याच घरी फारसं जास्त काम पडत नाही. 'मी काही विशेष आणलं नाही' हे वाक्य बंद करा. विशेष आणायचंच नाही, हा नियम आहे.

डबा एकट्याच्या घरातूनही यायला हवा. ज्याची पत्नी गेली आहे असा मित्र 'मला काही करता येत नाही' म्हणून मागे राहतो. त्याच्याकडे काकडी, दही, फुटाणे, केळी सोपवा. दोन महिन्यांनी त्याला खिचडी शिकवा. तुरडाळीची खिचडी, वर लसणाची फोडणी घातलेलं तेल आणि भाजलेला पापड, एवढं जमलं की तो घरीसुद्धा नीट जेवू लागतो.

हिवाळ्यात मात्र एक दिवस डबे घरी ठेवा आणि मळ्यात भरीत करा. खान्देशात याहून चांगलं निमित्त नाही. दहा माणसांना भरिताची हिरवी वांगी तीन किलो लागतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर ती भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि मोकळ्या हाताने तेल. सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद आणि मीठ, असं दळून आणलं की कळण्याचं पीठ झालं. दहा जणांना दीड किलो पुरतं. भाजणं, सोलणं, ठेचणं ही कामं पुरुषांनी करावीत. हात काळे झाले की जिभा मोकळ्या होतात.

मिरची आपल्या जिल्ह्याची ओळख आहे, तरी वयाचा मान ठेवा. तिखट घालण्याआधी थोडं भरीत वेगळं काढा. दात नसलेल्यांसाठी पातळ वरण हवं, भाकरी त्यात कुस्करता येते. गोड एकाच जणाने आणावं आणि तेही थोडं. सर्वात महत्त्वाचं, एकची वेळ दिली असेल तर एकलाच वाढा. इन्सुलिन घेऊन आलेला माणूस उशिरा येणाऱ्यांची वाट पाहत बसला तर त्याला भोवळ येते. उशिरा येणाऱ्याने उरलेलं खावं, शाळेत हेच शिकवलंय आपण.

दारू नको. पत्ते चालतील, पैसे लावून नकोत. या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी हसतखेळत सांगून टाका, म्हणजे पुढे कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

वर्गणी सर्वात लहान पेन्शनकडे पाहून

पंगतीत बसलेल्या सगळ्यांची पेन्शन सारखी नसते. जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापकाला चांगली पेन्शन असते. एसटीत किंवा कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ईपीएस-९५ची मिळते, आणि तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४मध्ये महिना १००० रुपये ठरवली गेली होती. शेतकरी मित्राचं तर कापूस विकल्याशिवाय काहीच नसतं. म्हणून वर्गणी ठरवताना सर्वात कमी मिळकत असलेल्याला आधी एकट्याला गाठून विचारा, आणि त्याचा आकडा हा सगळ्यांचा आकडा माना. ज्याला जास्त द्यायचं असेल त्याने येताना दोन डझन केळी आणावीत, पाकीट देऊ नये.

वर्गणी फक्त जागा, पाणी, चहा आणि इंधनापुरती. वही एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे, आणि दर तीन महिन्यांनी दोघं बदलायचे. शिल्लक साठू देऊ नका. पैसा साठला की कुणीतरी भिशी काढू या म्हणतं, कुणी उसने मागतं, आणि मग जेवण बाजूला राहून वसुली सुरू होते. लग्नाचा आहेर, मयताची मदत ज्याची त्याने करावी.

बोलायला शिकावं लागतं

पहिल्या दोन भेटींत जुन्या गोष्टींवर मजा येते. तिसऱ्या भेटीत त्याच गोष्टी पुन्हा येतात. हास्य क्लबात हेच झालं होतं: सुरुवातीला माणसं विनोद सांगून हसायची, दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि उरलेले कुणाला तरी टोचू लागले. तेव्हा कटारियांनी विनोदाशिवायच हसायची पद्धत काढली. गप्पांच्या गटालाही अशी काहीतरी सोय हवी.

सोपी सोय म्हणजे प्रत्येक भेटीला एक प्रश्न. तो मागच्या भेटीतच सांगून ठेवायचा. '१ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या दिवशी तुम्ही कोणत्या खुर्चीवर होता?' 'पहिल्या नेमणुकीच्या गावी कसे पोचलात, किती चाललात?' 'नर्मदाकाठची गावं धरणाच्या पाण्याखाली गेली आणि पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा तुम्ही काय पाहिलं?' 'हुतात्मा शिरीषकुमारांची गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितली?' १९४२च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या चौकात काय घडलं ते पुस्तकात आहे; पण ते पाहिलेल्या आजोबांनी कसं सांगितलं, ते तुमच्याजवळच आहे. अशा आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. नातवंडं आज ऐकणार नाहीत, पुढे शोधतील.

बोलण्याची पाळी गोल फिरवा. मोठ्या आवाजाचा एक जण प्रत्येक गटात असतो आणि गप्प बसणारे दोन असतात. गप्प बसणाऱ्याला त्याच्या घरच्या बोलीत विचारा. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, ज्याची जी असेल ती. नोकरीभर त्याने प्रमाण मराठीत अर्ज लिहिले, आता तरी त्याला मोकळं बोलू द्या.

आजारपणाला पहिली दहा मिनिटं द्या. ते बोलायचं असतंच, पण घड्याळ लावून. मुलाचं पॅकेज, सुनेची तक्रार आणि निवडणूक या तीन विषयांवर बंदी घालू नका, बंदी घातली की तेच होतं. फक्त ताट समोर असेपर्यंत नको, एवढं ठरवा. हात धुतल्यावर ज्यांना भांडायचं त्यांनी भांडावं.

अर्धा तास कामाचा

जेवणाआधीचा अर्धा तास व्यवहाराला ठेवा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण करा. 'जीवन प्रमाण' फोनवरून चेहरा दाखवूनही निघतं, ज्याला जमतं त्याने बाकीच्यांचं करून द्यावं. सत्तरी ओलांडलेल्यांना 'आयुष्मान वय वंदना' कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४पासून आहे. कार्ड कुणाचं काढायचं राहिलं ते विचारा. 'तुम्हाला अटक झाली आहे' असा व्हिडिओ कॉल आला तर तो ठगाचा असतो, पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवायचं. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तिन्ही क्रमांक, चालू गोळ्यांची नावं आणि घरचा फोन एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाने वरच्या खिशात ठेवावी.

न आलेल्या माणसाचा डबा

गटाची खरी परीक्षा हजेरीच्या वहीत होत नाही, गैरहजेरीत होते. न सांगता कुणी आला नाही तर त्याच संध्याकाळी फोन. दोनदा आला नाही तर दोघांनी घरी जायचं. बहुतेक वेळा कारण छोटं असतं: डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मुलगा गाडीवर सोडत नाही, चपलेचा अंगठा तुटलाय आणि ते सांगायचा संकोच आहे. कधी कारण मोठं असतं, आणि ते फोनवर कळत नाही.

जो अंथरुणाला खिळला त्याचं नाव वहीतून काढू नका. त्या दिवशी पंगतीत वाढून झालं की सर्वात आधी त्याचा डबा भरा, मग आपल्या ताटाला हात लावा. जवळ राहणाऱ्याने तो पोचवावा आणि पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसावं. घरच्यांना अडचण होईल अशी वेळ नको, पथ्य असेल तर मऊ भात आणि वरण. त्याला जेवण कमी पडलेलं नसतं. आजही आपली पाळी मोजली जाते, एवढं त्या डब्यातून त्याला कळतं.

आणि कुणी कायमचा गेला, तर पुढचा बुधवार रद्द करू नका. त्याच्या आवडीची भाजी त्या दिवशी कुणीतरी आणावी, त्याच्या घरच्यांना विचारून आणावी. एकदा रद्द झालेला वार परत उभा करणं, या वयात, फार जड जातं.

आता नियम बाजूला ठेवा आणि फोन उचला. शेवटच्या नोकरीत तुमच्या शेजारी बसून डबा खाणाऱ्याला पहिला फोन करा, आणि त्याला विचारू नका की जमेल का. वार सांगा, वेळ सांगा, जागा सांगा. पाचांना सांगितलं आणि तिघेच आले, तरी एक वाजता डबे उघडा.